ऑर्लँडोत दुपारी खोलीवर परता

डिस्ने वर्ल्डचं तिकीट महाग, म्हणून सकाळपासून रात्रीच्या आतषबाजीपर्यंत आतच तळ ठोकायचा, हा हिशेब जून ते सप्टेंबरमध्ये हमखास फसतो. या दिवसांत तिथे दुपारी बहुतेकदा गडगडाटी पाऊस येतो आणि विजा जवळ आल्या की उघड्यावरच्या राइड बंद. १ वाजता बाहेर पडा, मुलांना झोपवा, आजी-आजोबांना पाय पसरू द्या, ५ वाजता परत या. त्याच दिवशी त्याच तिकिटावर पुन्हा आत घेतात. ओले मोजेही बदलून होतात!

हॉटेल लांब असेल तर मात्र हा खटाटोप नको. डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम या पार्कच्या पार्किंगपासून गेटपर्यंत यायला फेरीबोट नाहीतर मोनोरेल लागते. जाण्या-येण्यातच झोप संपते. त्यापेक्षा आतच एसीत बसून बघायचा एखादा शो गाठा.