अंधार पडला की लागणारा दिवा: आर्डुइनो उनोची पहिली ओळख

सुरुवातीलाच ढीगभर सेन्सर असलेला मोठा किट घेऊ नका. आर्डुइनो उनो (प्रोग्राम टाकून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड), यूएसबी केबल, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचून जोडायची पाटी), दहा-बारा जंपर वायर, लाल एलईडी, २२० ओहम आणि १० किलोओहमचा एकेक रेझिस्टर, आणि उजेड ओळखणारा एक एलडीआर, एवढं पुरतं. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं सुटं मिळतं.

केबल मात्र पारखून घ्या. नुसत्या चार्जिंगच्या केबलने बोर्डावरचा दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला बोर्ड दिसतच नाही. माझी पहिली अख्खी संध्याकाळ त्यात गेली. केबल बरोबर असूनही पोर्ट दिसत नसेल, तर बोर्डावर यूएसबी जोडणी सांभाळणारी सीएच३४० चिप आहे का पाहा आणि तिचा ड्रायव्हर टाका.

आता आर्डुइनो आयडीईमध्ये, म्हणजे प्रोग्राम लिहून बोर्डावर टाकायच्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये, बोर्ड आणि पोर्ट निवडून ‘ब्लिंक’ हे तयार उदाहरण अपलोड करा. बोर्डावरचा छोटा एलईडी एक सेकंद लागेल, एक सेकंद विझेल. ‘डिले’मधले १००० मिलिसेकंद २०० करून पुन्हा अपलोड करा.

मग जोडणी. केबल काढूनच करा. ८ नंबरच्या पिनवरून २२० ओहममार्गे एलईडीच्या लांब पायाला, आखूड पाय ग्राउंडला (बोर्डावर ‘जीएनडी’ लिहिलेली पिन). रेझिस्टर गाळू नका: ५ व्होल्टमधले साधारण २ व्होल्ट लाल एलईडी घेतो, उरलेल्या ३ व्होल्टवर रेझिस्टर करंट १४ मिलिअँपिअरच्या आत ठेवतो. एका पिनवर २० च्या पुढे जाऊ नये.

एलडीआरचा एक पाय ५ व्होल्टला, दुसरा ए० पिनला. त्याच ए०वरून १० किलोओहम ग्राउंडला. ‘अ‍ॅनालॉगरीडसीरियल’ हे उदाहरण चालवून आयडीईतला सीरियल मॉनिटर, म्हणजे बोर्डाने पाठवलेले आकडे दाखवणारी खिडकी, उघडा. ० ते १०२३ मधला आकडा दिसेल. एलडीआरवर हात धरला की तो घसरतो. तुमच्या खोलीतले उजेडाचे नि अंधाराचे आकडे वहीत लिहा. दुसऱ्याचे उपयोगाचे नाहीत.

समजा ते ७०० आणि २०० आले. आकडा ३५० च्या खाली गेला की ८ नंबर ‘हाय’ (दिवा चालू), ४५० च्या वर गेला की ‘लो’ (बंद), असा प्रोग्राम लिहा. आकडा या दोन्हींच्या मधे असेल तर काही बदलू नका. एकच मर्यादा ठेवली तर तिन्हीसांजेला दिवा फडफडतो. तरीही फडफडला, तर एलईडीचाच उजेड एलडीआरवर पडतोय. मधे पुठ्ठ्याचा तुकडा उभा करा.