टर्बो किट की कस्टम? आधी यादी करा

गाडीला टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारं यंत्र) बसवायचा, तर तयार किट घ्यायचं की सुटे भाग जमवून कस्टम बनवून घ्यायचं? नुसत्या किमतींची तुलना केली की फसगत होते, कारण दोन्हींत धरलेलं सामान वेगळं असतं. आधी पूर्ण यादी लिहा: टर्बो, मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर टर्बोकडे नेणारे पाइप), वेस्टगेट (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणारा व्हॉल्व्ह), इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा), डाउनपाइप (टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप), ऑइल लाइन, इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारे), फ्युएल पंप, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ट्यूनिंग. किटमध्ये जे नाही, त्याचा खर्च वेगळा मांडा. कस्टमकडे वेल्डिंगची मजुरी, गॅस्केट, क्लॅम्प, होज धरा. हे किरकोळ सामानच बजेट फोडतं.

नेमकं तुमच्याच इंजिनासाठी बनवलेलं किट मिळत असेल आणि पॉवरची अपेक्षा बेताची असेल, तर मी किटच घेईन. इंजिन स्वॅप केलेल्या (मूळ इंजिन काढून दुसरं बसवलेल्या) गाडीला मात्र कस्टमच.

काहीही घ्या, ऑइल रिटर्न लाइनला (टर्बोतलं तेल इंजिनात परत नेणाऱ्या नळीला) सलग उतार हवा. मध्ये झोळ पडला तर तेल तुंबतं आणि टर्बोच्या सीलमधून गळायला लागतं.