आईच्या प्लेअरवर अखेर मुंज दिसली

दांडिया बाजारातल्या आईच्या घरी जुना डीव्हीडी प्लेअर अजून चालतो. भाच्याच्या मुंजीचं चित्रण मी आरडब्ल्यू, म्हणजे पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडीवर जाळून (म्हणजे रेकॉर्ड करून) नेलं, तर पडद्यावर ‘नो डिस्क’! आई म्हणाली, "कोरीच आणलीस की काय रे?" माझ्या संगणकावर तीच डिस्क व्यवस्थित चालत होती.

आधी लेन्स पुसली, मग कमी वेगानं पुन्हा जाळली, फायनलाइझही केली, म्हणजे लिखाण बंद करून इतर प्लेअरना वाचता येईल अशी केली. ढिम्म.

खरी गोम अशी. पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवरून लेसरचा प्रकाश फारच कमी परततो, जेमतेम १८ ते ३० टक्के. साध्या डीव्हीडी-आरवरून ४५ टक्क्यांच्या वर. काही जुने प्लेअर त्यामुळे तिला दुहेरी थराची समजून गोंधळतात. काही तर डिस्कवर नोंदलेला प्रकार, म्हणजे ‘बुक टाइप’, वाचूनच तिला नाकारतात.

आरडब्ल्यू डिस्क दोन प्रकारच्या, मायनस आणि प्लस. मायनस आरडब्ल्यूवर ही नोंद बदलता येत नाही, प्लस आरडब्ल्यूवर येते. मात्र रायटरला, म्हणजे डिस्क लिहिणाऱ्या ड्राइव्हला, ती सोय हवी. माझ्या रायटरला होती, हे नशीब. प्लस आरडब्ल्यू आणली, बुक टाइप ‘डीव्हीडी-रॉम’, म्हणजे कारखान्यात छापलेल्या डिस्कचा, केला, पुन्हा जाळली. पहिल्याच झटक्यात मंगलाष्टकं सुरू!

काकांच्या प्लेअरनं मात्र तीही थुंकून टाकली. नोंद बदलली तरी डिस्कची चमक थोडीच वाढते? त्यांना साधी डीव्हीडी-आर जाळून दिली. एकदाच लिहिता येते, पण मुंज तरी कुठे दोनदा होणार होती!