छोटं एअरलायनर आणि सिव्हिअर टर्ब्युलन्स (हवेतले जबर हेलकावे): क्रूने काय करायचं

एटीआर ७२ सारखं टर्बोप्रॉप (पंख्याचं प्रवासी विमान) जास्तीत जास्त २५,००० फुटांपर्यंत चढतं आणि मोठा वादळी ढग आरामात ४०-४५ हजारांच्या वर गेलेला असतो, त्यामुळे वरून निघून जाऊ हा विचार सोडूनच द्या, आपल्याला बाजूनेच जायचंय. म्हणून खरं काम ढगात शिरण्याआधीचं, आत गेल्यावर हातात फार थोडं उरतं.

आधी रडार. लोक स्क्रीनवरचे रंग बघून खूश होतात पण रडारला हवेतला टर्ब्युलन्स थेट दिसत नाही, पाणी दिसतं. ओले थेंब छान दिसतात, कोरड्या गारा आणि बर्फाचे कण जेमतेम. टिल्ट (रडारच्या अँटेनाचा वर-खाली कोन) जास्त वर ठेवला की बीम, म्हणजे रडारचा झोत, ढगाच्या कोरड्या डोक्यावरून जातो, स्क्रीन स्वच्छ आणि समोर राक्षस उभा. बीम खालच्या ओल्या भागावर पडला पाहिजे, आणि टिल्ट एकदा लावून विसरायची गोष्ट नाही, सारखा वर-खाली करून बघत राहा. दुसरा धोका त्याहून वाईट, समोरचा जोरदार पाऊस बीम शोषून घेतो आणि त्याच्या मागे काळी मोकळी जागा दिसते, ती मोकळी नसते. १९७७ मध्ये सदर्न एअरवेजच्या २४२ नंबरच्या फ्लाइटचा डीसी-९ वादळात शिरला, पाऊस आणि गारांनी दोन्ही इंजिनं बंद पडली. वादळातून वाट काढायला रडारवर भिस्त ठेवली हे तपासातही आलं. रडार वादळ टाळण्यासाठी आहे, त्यातून गल्ली शोधण्यासाठी नाही.

जोरदार सेलपासून (वादळी ढगाच्या गाभ्यापासून) किमान २० नॉटिकल माइल (सुमारे ३७ किमी) लांब राहा, म्हणजे दोन सेलच्या मधून जायचं तर मधे ४० हवेत. जमेल तेव्हा वारा ज्या बाजूने येतोय ती बाजू घ्या, कारण ढगाचा पसरलेला माथा वाऱ्याच्या दिशेने सरकतो आणि त्याच्याखाली गारा पडू शकतात. एटीसीकडे (हवाई वाहतूक नियंत्रणाकडे) डेव्हिएशन, म्हणजे वळसा घ्यायची परवानगी, लवकर मागा, अगदी जवळ जाऊन मागितलं की मोठा टर्न घ्यावा लागतो आणि तेव्हाच फ्रिक्वेन्सीवर सगळे एकदम बोलत असतात.

केबिनला कळवताना नुसतं "थोडं हलेल" म्हणू नका हो, किती मिनिटांनी, किती वेळ आणि किती जोरात हे तिन्ही सांगा. टर्ब्युलन्समध्ये गंभीर जखमी होणाऱ्यांत केबिन क्रूच जास्त असतो, कारण सगळे बसलेले असताना तेच उभे असतात. वेळ असेल तर ट्रॉली आत ठेवून लॉक करा, गरम पाणी-चहा बंद. वेळ नसेल तर ट्रॉलीला जागेवरच ब्रेक लावा, गरम भांडी खाली जमिनीवर ठेवा आणि जवळची कुठलीही रिकामी सीट पकडा, जंपसीटपर्यंत (क्रूच्या घडीच्या सीटपर्यंत) धावू नका. सीटच नसेल तर जमिनीवर बसून सीटचा पाया घट्ट धरा. आधी स्वतःला बांधायचं, बेल्टची आठवण बसल्या जागेवरून ओरडून करून द्यायची.

आता समजा शिरलातच. मॅन्युअलमधला रफ एअर स्पीड (खडबडीत हवेसाठी ठरवलेला वेग) आधीच पकडलेला हवा. जास्त वेगात झटका बसला तर स्ट्रक्चरवर लोड वाढतो, फार कमी वेगात तोच झटका स्टॉलकडे (पंखांची उचल संपण्याकडे) नेतो. त्या स्पीडला लागेल तेवढी पॉवर सेट करा आणि शक्यतो हलवू नका, स्पीडचा काटा नाचणारच, त्याच्या मागे धावायचं नाही. अ‍ॅटिट्यूड धरा, म्हणजे नाक क्षितिजाच्या तुलनेत आहे तसं ठेवा, विंग्ज लेव्हल ठेवा, अल्टिट्यूड वर-खाली होत असेल तर होऊ द्या आणि एटीसीला सांगून ब्लॉक अल्टिट्यूड (एका उंचीऐवजी उंचीचा पट्टा) मागा. ऑटोपायलट ठेवायचा की काढायचा हे प्रत्येक टाइपचं वेगळं, आपलं मॅन्युअल म्हणेल ते. इग्निशन (इंजिन विझू नये म्हणून ठिणगी), अँटी-आइस (बर्फ साचू न देणारी यंत्रणा) आणि रात्र असेल तर कॉकपिटचे लाइट फुल, हे सगळं आत शिरायच्या आधीच, कारण वीज चमकली की अंधाराला सरावलेले डोळे काही क्षण कामातून जातात.

पाय शांत ठेवा. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या ५८७ फ्लाइटचं ए३०० पुढच्या विमानाच्या वेकमध्ये (मागे सुटणाऱ्या हवेच्या भोवऱ्यात) सापडलं आणि रडर (पायाच्या पेडलने हलणारं शेपटीचं सुकाणू) डावीकडे-उजवीकडे जोरात मारल्यामुळे शेपटीचा उभा पंखच तुटला. तो वेक होता, वादळ नव्हतं, पण पेडलचा धडा तोच. आणि आत शिरल्यावर यू-टर्न घ्यायची खूप इच्छा होते, घेऊ नका, बँकमुळे (विमान कलल्यामुळे) लोड आणि स्टॉल स्पीड दोन्ही वाढतात आणि बहुतेक वेळा सरळ बाहेर पडणंच लवकर होतं. फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या) आत असू द्या, क्लीन, म्हणजे फ्लॅप्स आत असलेलं, विमान निदान २.५ जी (वजनाच्या अडीच पट भार) साठी डिझाइन असतं, फ्लॅप्स बाहेर असताना २ जी. दुसऱ्या पायलटने स्पीड आणि अ‍ॅटिट्यूड मोठ्याने सांगत राहायचं, बाकी गप्पा नकोत.

बाहेर पडलात की केबिनला फोन करा, कोणाला लागलंय का ते नीट विचारा, उतरल्यावर डॉक्टर लागणार असेल तर आत्ताच कळवा. मग जागा, लेव्हल, वेळ आणि विमानाचा टाइप सांगून एटीसीला रिपोर्ट द्या, मागून येणाऱ्याला तेवढाच आधार. विमान बाहेरून ठीक दिसलं तरी टेक लॉगमध्ये (विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत) एंट्री झालीच पाहिजे, सिव्हिअर टर्ब्युलन्सनंतरचं इन्स्पेक्शन वेगळं असतं. नुसतं "बंप्स" लिहून पळू नका, अंदाजे वजन, स्पीड, फ्लॅप्सची पोझिशन आणि किती वेळ चाललं तेही लिहा, इंजिनिअरला कुठे काय उघडून बघायचं ते त्यावरूनच कळतं.