ब्रेस्ट पॅड निवडताना: धुवून वापरायचे की वापरून टाकायचे?

बाळ एका बाजूला पिऊ लागले की मिनिटा-दोन मिनिटांत दुसऱ्या बाजूचा कपडा ओला होतो, हा अंगावर पाजणाऱ्या बऱ्याच जणींचा पहिल्या आठवड्यातला अनुभव असतो. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे, आणि ते रक्तातून दोन्ही स्तनांपर्यंत एकाच वेळी पोचत असल्यामुळे पान्ह्याला डावे-उजवे कळत नाही. पुढे तर बाळाचे रडणे कानावर आले, किंवा पाजण्याची वेळ टळून गेली, तरीही दूध पाझरू लागते. हे दूध टिपण्यासाठी ब्रेसियरच्या आत ठेवायची गोल घडी म्हणजे ब्रेस्ट पॅड. वस्तू एवढीशी असली तरी ती दिवसरात्र नाजूक त्वचेला लागून राहते, त्यामुळे तिची निवड नीट समजून केलेली बरी.

आपल्याला किती पॅड लागतील हे बाळंतपणाआधी कोणीही सांगू शकत नाही. सुरुवातीचा चीक थोडाच असतो. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात दूध भरून येते आणि पाझरण्याचा खरा जोर तेव्हापासून पहिले काही आठवडे राहतो. बाळाची गरज आणि दुधाचे प्रमाण यांचा मेळ बसत गेला की, बहुधा सहा ते दहा आठवड्यांच्या सुमारास, हा जोर ओसरतो. काहींना मात्र वर्षभर पॅड लागतात, तर काहींचे दूध मुळीच पाझरत नाही, आणि त्याचा अर्थ दूध कमी आहे असा अजिबात नसतो. म्हणूनच पोटात बाळ असतानाच पॅडचे मोठे खोके आणून ठेवण्याचा मोह आवरावा. वापरून टाकायच्या पॅडचे एक लहान पाकीट आणि कापडी पॅडच्या तीन-चार जोड्या एवढी सुरुवात पुरते.

वापरून टाकायच्या पॅडची रचना बाळाच्या डायपरसारखीच असते: त्वचेकडे पातळ, कोरडे राहणारे अस्तर, मध्ये लगदा आणि पाणी शोषून जेलीसारखे फुगणारे पॉलिमर, मागे ओल बाहेर जाऊ न देणारा प्लास्टिकचा पापुद्रा आणि त्यावर चिकटपट्टी. पॉलिमरमुळे जाडी कमी राहूनही ते पुष्कळ दूध धरून ठेवतात, कपड्यावरून दिसत नाहीत आणि रात्री किंवा प्रवासात निर्धास्तपणा देतात. मात्र त्यांचा हाच गुण अंगाशी येऊ शकतो. पॅड वरून कोरडा लागतो, म्हणून तो बदलायचे राहून जाते, आणि प्लास्टिकच्या पापुद्र्यामुळे आतली उबट दमट हवा स्तनाग्राला तासन् तास लागून राहते. कोरडेपणावर विसंबून न राहता प्रत्येक पाजण्यानंतर पॅड चाचपून पाहावा, आणि तो जड किंवा फुगीर लागला तर बदलावा. खरेदी करताना मागचा पापुद्रा हवा खेळू देणारा आहे का, सुगंध घातलेला नाही ना, आणि चिकटपट्टी एक आहे की दोन, एवढे पाहून घ्यावे. एकाच पट्टीचा पॅड झोपेत कूस बदलताना स्वतःभोवती फिरतो आणि सकाळी भलत्याच जागी सापडतो.

धुवून वापरायच्या पॅडमध्ये कापडाला फार महत्त्व आहे, आणि विक्रेते नेमके तेच मोघम सांगतात. सुती कापड त्वचेला मऊ लागते, पण लवकर ओलेचिंब होते. बांबूपासून काढलेला व्हिस्कोस धागा सुतापेक्षा जास्त ओल शोषतो, मात्र सावकाश वाळतो. तागासारख्या धाग्याचे हेम्पचे कापड भरपूर शोषते, पण वाळल्यावर काहीसे राठ लागू शकते, म्हणून ते मधल्या थरातच असावे. मायक्रोफायबर ओल पटकन टिपते, परंतु थेट त्वचेला लागले तर ती कोरडी पाडते. मागे ओल अडवणारा पीयूएल (प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेल्या) कापडाचा थर असलेले पॅड बाहेर जाताना उपयोगी पडतात. घरात मात्र हा थर नसलेले, निव्वळ कापडी पॅड मला अधिक पटतात. ते भिजले की लगेच कळते आणि म्हणून वेळेवर बदललेही जातात.

आकारही पाहावा. सपाट गोल पॅडची कड पातळ कपड्यातून उमटते, तर वाटीसारखा खोलगट पॅड अंगासरशी बसतो. खोलगटपणासाठी घातलेली चुणीची शिवण मात्र बोटाने चाचपून पाहावी, कारण ती टोकाला जाड असेल तर नेमकी स्तनाग्रावर घासते. दूध जास्त पाझरत असल्यास किंवा स्तन मोठे असल्यास बारा-तेरा सेंटिमीटर व्यासाचा पॅड घ्यावा. पॅड इतका जाड नसावा की ब्रेसियर घट्ट होईल, कारण स्तनावर सतत दाब राहिला तर दूध तुंबून गाठ येऊ शकते.

नवा पॅड कितपत काम करतो हे घरीच तपासता येते. तो बशीत ठेवून त्यावर चहाचे दोन चमचे, म्हणजे सुमारे 10 मिलिलिटर पाणी हळूहळू ओतावे, मिनिटभर थांबावे आणि वर कोरडा रुमाल ठेवून तळव्याने दाबावे. रुमाल किती ओला झाला आणि बशीत किती उतरले यावरून पॅडची लायकी समजते. कोऱ्या कापडी पॅडवर मात्र ही परीक्षा लगेच घेऊ नये. नव्या धाग्यांवर नैसर्गिक तेलांचा आणि कारखान्यातल्या प्रक्रियेचा अंश असतो, त्यामुळे पाण्याचे मणी होऊन ओघळतात. तीन-चार धुण्यांनंतर तेच कापड पाणी पिऊ लागते. कापडी पॅड निरुपयोगी म्हणून बाजूला टाकणाऱ्या अनेक जणींनी ते फक्त एकदाच धुतलेले असतात.

धुण्याची रीत सोपी आहे, पण तिचा क्रम चुकवू नये. दुधाने भिजलेला पॅड आधी थंड पाण्याखाली पिळून घ्यावा, कारण थेट गरम पाण्यात टाकल्यास दुधातली प्रथिने घट्ट होऊन डाग आणि वास दोन्ही धाग्यात बसतात. त्यानंतर सौम्य, बिनसुगंधी साबणाने कोमट किंवा पॅडवरच्या सूचनेला चालेल तितक्या गरम पाण्यात धुऊन भरपूर खळबळून काढावा. यंत्रात धुताना जाळीच्या पिशवीत घालावा, नाहीतर जोडीतला एक हमखास चादरीच्या खोळीत जाऊन बसतो. कापड मऊ करणारे द्रावण वापरू नये. मी पहिल्याच आठवड्यात मायेपोटी ते वापरले आणि पॅडने दूध टिपण्याऐवजी पुढे सरकवायला सुरुवात केली; त्या द्रावणाचा मेणचट थर उतरायला पुढची चार धुणी गेली. स्तनाग्राला लावायच्या लॅनोलिनसारख्या मलमाचेही असेच होते, म्हणून मलमाचा हात अगदी पातळ ठेवावा. वाळवणे उन्हात उत्तम. पीयूएलचा थर असलेल्या पॅडवर इस्त्री फिरवू नये.

त्वचेची तक्रार असेल तेव्हा निवडीचा विचार वेगळा करावा लागतो. स्तनाग्राला चिरा पडल्या असतील तर मऊ सुती अस्तर बरे, पण वाळलेल्या दुधामुळे कापड चिकटून बसले तर ते ओढू नये. कोमट पाण्याने भिजवून सुटू द्यावे, नाहीतर भरत आलेली चीर पुन्हा उघडते. बुरशीचा संसर्ग झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर उपचार संपेपर्यंत वापरून टाकायचे पॅड सोयीचे पडतात. कापडीच वापरायचे झाल्यास 60 अंशांच्या पाण्यात धुऊन पूर्ण कोरडे करावेत. वापरून टाकायच्या पॅडखाली त्वचा लाल होऊन खाजत असेल, तर अस्तर बदलून पाहावे किंवा कापडाकडे वळावे.

आता हिशेब. दिवसाला तीन जोड्या धरल्या तरी सहा पॅड, आणि बारा आठवड्यांच्या 84 दिवसांत 504 पॅड कचऱ्यात जातात. ते शौचालयात टाकायचे नाहीत, कारण फुगून नळी तुंबवतात. गुंडाळून कोरड्या कचऱ्याऐवजी डायपरच्या कचऱ्यातच टाकावेत. उलट एक दिवसाआड धुणे होत असेल, तर कापडी पॅडच्या आठ ते दहा जोड्यांत तेवढेच दिवस निघतात आणि पुढच्या बाळंतपणालाही त्या चालतात. पण हे गणित धुणारे हात गृहीत धरते. टाके घातलेली, रात्री चारदा उठणारी आई स्वतःच धुणार असेल आणि मदतीला कोणी नसेल, तर पहिले दोन-तीन आठवडे सरळ वापरून टाकायचे पॅड घ्यावेत आणि त्याबद्दल मनाला लावून घेऊ नये. बाळाच्या दुपट्यांचे धुणे रोज निघतच असेल, तर त्यातच आठ-दहा पॅड सहज निघतात. मला विचारले तर मी घरात दिवसा कापडी, रात्री जाड कापडी किंवा वापरून टाकायचा, आणि बाहेर जाताना थैलीत वेष्टनातले दोन वापरून टाकायचे, अशी सांगड सुचवीन. सोबत भिजलेल्या कापडी पॅडसाठी एक ओल न झिरपणारी लहान पिशवीही ठेवावी.

पॅड हाताशी नसताना पान्हा आला, तर हाताची घडी घालून तळव्यांनी स्तनाग्रे मिनिटभर आत दाबून धरावीत, पाझर बहुधा थांबतो. पहिल्या आठवड्यांत मात्र हा उपाय वारंवार करू नये, कारण तेव्हा दूध मोकळे होण्याची गरज असते. पॅडवर रक्ताचा डाग किंवा पू दिसला, अथवा स्तनाचा एखादा भाग लाल, गरम आणि दुखरा होऊन ताप आला, तर पॅड बदलत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अंगावरचे दूध सोडवताना पाझर पुन्हा काही दिवस वाढतो, तेव्हा दोन जोड्या तोवर कपाटात राहू द्याव्यात.