चिकूतली वेलांटी: बौद्धिक दिव्यांग मुलांना शब्द लिहायला कसे शिकवावे

आठवड्याला तीन शब्द पुरे. घरी कोकणी आणि शाळेत मराठी असेल, तर दोन्हीकडे सारखेच असलेले शब्द निवडा: घर, पाव, आजी, गाडी, चिकू. 'दिवा' नंतर. घरी मूल 'दिवो' ऐकते. त्याने तसे लिहिले तर लाल रेघ मारू नका.

घर आणि पाव सोपे. कार्ड दाखवा, झाका, लिहून घ्या, आणि त्याचे त्यालाच ताडून पाहू द्या.

आता वेलांटी. बाराखडीत पहिली आधी येते, म्हणून तिथूनच सुरुवात करण्याचा हट्ट सोडा. आधी दुसरी शिकवा. ती अक्षराच्या उजवीकडे, म्हणजे कानावर पडते त्याच क्रमाने येते. शिवाय मराठी शब्दाच्या शेवटी वेलांटी दीर्घच असते. 'आणि'सारखे अपवाद सध्या बाजूला ठेवा. 'गा' तुम्ही लिहा, 'डी' त्याला लिहू द्या. जमले की 'गा'ही त्याच्याकडे सोपवा. शब्द पुरा करण्याचा आनंद पहिल्या दिवसापासून त्याचाच असला पाहिजे.

पहिल्या वेलांटीने मला फार छळले. माझ्याकडचा एक मुलगा 'चिकू' लिहिताना रोज 'च' काढून त्याच्या उजवीकडे वेलांटी द्यायचा. ती पुढच्या 'क'वर जाऊन बसायची. त्याचे लक्ष नाही असे समजून मी दहा-दहा वेळा लिहून घेतले, आणि तीच चूक त्याच्या हातात पक्की केली. एकदा शेजारी बसून त्याचे ओठ पाहिले. तो आधी 'च्' म्हणत होता, मग 'इ'. ऐकले तसेच लिहीत होता! उलटी चालते ती वेलांटी.

तेव्हापासून मी 'चि' कधीच तोडत नाही. 'चि' एका कार्डावर, 'कू' दुसऱ्यावर. ताटात रवा पसरायचा (मासे तळायला घरात असतोच), त्यात आधी 'च', मग बोट मागे नेऊन डावीकडे वेलांटी. 'च'च्या डावीकडे रिकामा चौकोन आखून ठेवा, म्हणजे वेलांटीची जागा दिसते. चुकले तर खोडरबर देऊ नका. रवा सारखा करा, 'चि'चे कार्ड समोर ठेवा आणि पुन्हा काढू द्या. त्याचा हात धरून गिरवून घेऊ नका, त्यात तुमचाच हात शिकतो.

दुसऱ्या दिवशी तोच शब्द वहीबाहेर विचारा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराची यादी त्याला लिहायला द्या, आणि चिकू त्यानेच मागून आणावेत.