आढीतला काळा डाग ऑक्टोबरात पुसायचा

आढीत हापूस पिवळा व्हायला लागला की अंगावर काळे डाग उठतात आणि आपण पेंढ्याला नाहीतर उकाड्याला बोल लावतो. खरं तर करप्याची बुरशी फळ हिरवं असतानाच सालीत शिरून गप्प बसलेली असते. राजापूर तालुक्यात आमची 120 कलमं आहेत, सासऱ्यांच्या मागे 22 वर्षं मी ती बघते. माझं सांगणं एवढंच, पंपाच्या आधी कोयती हातात घ्या.

पाऊस ओसरला की वाळक्या काटक्या, बांडगुळं, झाडावरच सुकलेली फळं काढायची. बुरशी तिथेच वस्ती करते आणि पावसाच्या थेंबांबरोबर पालवीवर, मोहरावर उतरते. मधल्या दाट फांद्या विरळ करा, दुपारी खोडाशी ऊन पडलं पाहिजे. काढलेलं सगळं बागेबाहेर न्यायचं. एका वर्षी मजूर मिळेनात म्हणून मी ढीग कलमांखालीच ठेवले, आणि खालच्या फांद्यांचा मोहर काळा पडला. ते अजून मनाला लागतं.

मग 1 टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण. प्लॅस्टिकच्या एका पिंपात 50 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद, दुसऱ्यात तेवढ्याच पाण्यात 1 किलो कळीचा चुना. दोन्ही गाळून तिसऱ्या पिंपात एकदम ओतत ढवळायचं. कोयतीचं पातं बुडवून बघा, तांबूस पुट चढलं तर चुना कमी आहे, अजून घाला. त्याच दिवशी संपवा. छाटणीच्या मोठ्या कापांना 10 टक्के बोर्डो पेस्ट, म्हणजे हेच मिश्रण दसपट घट्ट करून, लावा. मोहर फुटायच्या आतच ही फवारणी उरकायची. तांबं मातीत साठत जातं, म्हणून उगाच पुन्हा पुन्हा नको.

मोहरावर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी, दिसली तर पाण्यात विरघळणारं 80 टक्के गंधक, 10 लिटरला 20 ग्रॅम, तेही कडक उन्हात नाही. फुलं पूर्ण उमलली असतील तर थांबा, माश्यांवरच फळधारणा आहे.

फळं अंड्याएवढी झाली की कागदी पिशव्या घालते. मजुरी लागते, पण डाग खरोखर कमी होतात.

फळ देठासकट उतरवा. त्याच दिवशी 52 अंशाच्या पाण्यात 10 मिनिटं बुडवा. हाताच्या अंदाजावर जाऊ नका, थर्मामीटर ठेवा, पाणी जास्त तापलं तर साल भाजते. नंतर सावलीत पूर्ण सुकवून मगच आढी लावा.